चार चाकांची कशमकश

1978 च्या सुमारास व्हिएन्ना शहरात एक बाई नवऱ्याने घरी आणलेली गाडी घेऊन खरेदीला गेल्या. परत आल्यावर त्यांनी तक्रार केली की ही गाडी वळवताना उड्या मारते. नवरा साधासुधा माणूस नव्हता. एर्न्स्ट फियाला हे फोक्सवॅगन कंपनीत संशोधन खात्याचे प्रमुख होते. गाडीही साधी नव्हती. ती ऑडीची प्रायोगिक मोटार होती आणि तिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत होती. आल्प्सच्या बर्फात याच गाडीने कंपनीच्या साहेबांना थक्क केलं होतं. शहरातल्या कोरड्या रस्त्यावर मात्र एका गृहिणीने तिचा दोष दोन शब्दांत सांगून टाकला.

मोटारींच्या इतिहासात इंजिनिअरांची नावं येतात, शर्यती जिंकणाऱ्यांची येतात. मला ही तक्रार तितकीच मोलाची वाटते. फोर व्हील ड्राइव्हचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ती उडी घालवण्याचा इतिहास आहे. उडी घालवताना प्रत्येकाने वेगळी वाट धरली. म्हणूनच 'चारही चाकांना ताकद' ही पाटी सारखी असली तरी जुनी जीप, रेंज रोव्हर, ऑडी आणि आजची शहरी एसयूव्ही हातात वेगवेगळ्या लागतात. शोरूममधला विक्रेता हा फरक सांगत नाही. त्याच्या दृष्टीने सगळ्याच 'फोर बाय फोर'.

आधी उडी का बसते ते पाहू. मी भाषेचा शिक्षक आहे, पण यासाठी नववीचं गणित पुरतं. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसात सुमारे दोन मीटर अंतर असतं. मागच्या आसाचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय असं धरा. पायथागोरस लावला की पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या 5.39 मीटर येते. एक पूर्ण चक्कर मारली तर मागचा आस 31.4 मीटर चालतो आणि पुढचा 33.8. म्हणजे एका चकरेत पुढच्या चाकांना सुमारे 2.4 मीटर जास्त चालावं लागतं. आता दोन्ही आस एकाच दांड्याने जखडून सारख्याच वेगाने फिरवले, तर ही 2.4 मीटरची तफावत कुठे जाणार?

चिखलात, वाळूत, बर्फात ती टायरखाली जिरते. चाक थोडं घसरतं, हिशेब मिटतो, कुणाला पत्ताही लागत नाही. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो. मग शाफ्टना पीळ पडतो, स्टेअरिंग जड होतं, वळलेली चाकं सरळ व्हायला बघतात, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी अडखळते. पीळ असह्य झाला की एखादा टायर झटक्याने घसरतो. तीच ती उडी. उर्दूत आपण 'कशमकश' म्हणतो. मूळ फारसी शब्द फोडला तर 'कश' म्हणजे ओढ आणि 'मकश' म्हणजे ओढू नकोस. पुढचा आस म्हणतो ओढ, मागचा म्हणतो ओढू नकोस. मराठीत 'ओढाताण' आहेच, पण या शब्दात होकार आणि नकार दोन्ही एकत्र आहेत म्हणून मला तो इथे जास्त बसतो.

जीप: लपवाछपवी नाही

चारही चाकं फिरवायची कल्पना जीपच्या बरीच आधीची. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी 1903 सालीच तशी शर्यतीची मोटार बनवली होती. पण ती सामान्य माणसाच्या हाताखाली आली ती युद्धामुळे. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि बॅंटम नावाच्या छोट्या कंपनीने 49 दिवसांत नमुना उभा करून दिला. पुढे मोठी ऑर्डर विलिस आणि फोर्डकडे गेली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या.

जीपने आसांमधला तंटा सोडवलाच नाही. तो ड्रायव्हरच्या हवाली केला. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे. एकाने पुढचा आस जोडायचा किंवा सोडायचा, दुसऱ्याने लो गिअर घालायचा. रस्ता चांगला तर मागची दोन चाकं, खराब तर चारही. केव्हा काय, हे ज्याच्या हातात स्टेअरिंग त्याने ठरवायचं.

मी ज्या जुन्या जीपवर हात बसवला तिच्यात हे सगळं स्पष्ट जाणवायचं. पुढचा आस जोडला की चिखलात गाडी जमीन पकडून सरळ चालायची. पक्क्या रस्त्यावर आल्यावर दांडा सोडायला उशीर झाला की स्टेअरिंग लगेच बोलायचं. शाफ्टला पीळ असला की दांडा सुटतही नाही. थोडी रिव्हर्स घ्यायची, पीळ उकलायचा, मग तो सुटतो. मला जीपची ही सवय आवडते. ती ड्रायव्हरपासून काही लपवत नाही. पण रोज ऑफिसला जायला मी ती घेणार नाही, हेही तितकंच खरं.

इथे एक गैरसमज दूर करतो. जीप म्हटलं की फोर व्हील असं आपल्याकडे धरून चालतात. गावोगाव वडापला चालणाऱ्या कित्येक जीपांना पुढचा शाफ्ट नसायचाच. बारा-चौदा माणसं आणि टपावर कोंबड्या घेऊन ती गाडी घाट चढायची ती मागच्या दोन चाकांवर.

भारतातल्या जीपचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं, म्हणून त्याचाही हिशेब करू. 2 ऑक्टोबर 1945 रोजी लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. भागीदार होते के. सी. आणि जे. सी. महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. 1954 मध्ये पाकिस्तानची घटना समिती बरखास्त करणारे तेच. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. मोहम्मद गेले, पण दोन्ही नावं 'म'चीच असल्याने 'एम अँड एम' ही आद्याक्षरं तशीच राहिली.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मजकूर दर वर्षी-दोन वर्षांनी फिरतो आणि त्यात 'भारतात जीप आणणारे गुलाम मोहम्मद' अशी ओळ घुसडलेली असते. ते खरं नाही. ती भागीदारी पोलादाच्या व्यापाराची होती. जीपचा विचार के. सी. महिंद्रांचा. युद्धकाळात ते अमेरिकेत भारताच्या पुरवठा मिशनचे प्रमुख होते आणि जीप त्यांनी तिथे पाहिली. मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली ती स्वातंत्र्यानंतर. ज्या माणसाचा वाटा पोलादात होता त्याला जीपचं श्रेय देऊन आपली इज्जत वाढत नाही. आणि जे कंपनीच्या जन्माच्या कागदावर त्याचं नाव होतं हेच विसरू पाहतात, त्यांचाही इतिहास अर्धाच राहतो.

तंटा मिटवणारे

ब्रिटिशांनी जीप पाहूनच 1948 मध्ये लँड रोव्हर काढली, पण पहिल्या गाड्यांत वेगळी युक्ती केली. पुढच्या आसाच्या वाटेवर त्यांनी सायकलसारखं फ्रीव्हील बसवलं. सायकलचं चाक पायडलच्या पुढे धावू शकतं. तसंच वळणावर पुढची चाकं जास्त चालू लागली की आपली आपण मोकळी होत. उडी गेली. पण उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की नेमकी तेव्हाच पुढची चाकं इंजिनापासून सुटायची, म्हणजे इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांना मिळायचा. दोन वर्षांत ही युक्ती गुंडाळून जीपसारखा निवडीचा दांडा आला.

खरा उपाय जुनाच होता. एका आसाच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल प्रत्येक मोटारीत असतो. तसाच आणखी एक पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये बसवायचा. पण त्याची एक खोड आहे. तो ताकद नेहमी सोप्या वाटेने जाऊ देतो. चारांतलं एक चाक बर्फावर गरगरलं तर बाकीची तीन जागेवर थांबतात. तंटा मिटवायला बसवलेला पंच, जो सर्वांत कमी काम करतो त्याच्याच बाजूने निकाल देतो. म्हणून या पंचाला आवर घालायचा कसा, हा पुढच्या सगळ्या संशोधनाचा प्रश्न झाला.

यात हॅरी फर्ग्युसन यांचं नाव आदराने घ्यायला हवं. ट्रॅक्टरमुळे जगाला माहीत असलेला हा आयरिश माणूस उतारवयात मोटारीच्या सुरक्षेने झपाटला होता. त्यांच्या कंपनीची पी 99 ही चारही चाकं फिरवणारी शर्यतीची गाडी 1961 मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी ओल्टन पार्कच्या गोल्ड कप शर्यतीत जिंकून दाखवली. फर्ग्युसन त्याआधीच्या वर्षी वारले होते. त्यांचीच पद्धत 1966 मध्ये जेन्सन एफएफ या मोटारीत रस्त्यावर आली. ताकदीची वाटणी पुढे 37 टक्के, मागे 63. मागे जास्त दिल्यामुळे गाडीचा स्वभाव मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा राहिला आणि पुढची चाकं तिला रेषेवर धरत राहिली. आणखी एक गोष्ट या गाडीत होती. विमानांसाठी बनवलेली मॅक्सारेट ही चाकं जाम न होऊ देणारी ब्रेकयंत्रणा. ताकद चार चाकांना द्यायची तर ब्रेकचाही विचार त्याच वेळी केला पाहिजे, हे या मंडळींना कळलं होतं. गाडी महाग होती, फक्त 320 बनल्या.

1970 च्या रेंज रोव्हरने हीच सोय चिखलात नेली. चारही चाकं कायम जोडलेली, मध्ये डिफरन्शियल, आणि गाडी रुतली तर तो डिफरन्शियल जखडायची सोय. पुढे 1990 च्या सुमारास टोयोटा लँड क्रूझरही याच वाटेने आली. माझा चुलत भाऊ ओमानमध्ये आहे. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांसारखं आमच्याही घरातलं एक माणूस तिकडे असतंच. त्याच्या शेजारी बसून मी लँड क्रूझरमधून जबल अखदर चढलो आहे. बिरकत अल मौजच्या पुढे पोलिसांची चौकी आहे आणि तिथून वर फक्त फोर बाय फोर सोडतात. मला वाटलं होतं, वर रस्ता कच्चा असेल. रस्ता गुळगुळीत डांबरी. चढतानाही काही विशेष जाणवलं नाही. वळणावर ओढ नाही, स्टेअरिंगला जडपणा नाही. भाऊ म्हणाला, "चढायचं काय, उतरताना बघ." उतरताना त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकला जवळजवळ पाय न लावता इंजिनाच्या रोधावर ती जड गाडी खाली आणली. उतार मोठा होता आणि रोध चारही चाकांवर वाटलेला होता. फोर व्हीलचं हे अंग जाहिरातीत दिसत नाही.

पुन्हा व्हिएन्ना

आता ऑडी. 1976-77 च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये फोक्सवॅगनची इल्टिस ही लष्करी गाडी चाचणीला होती. इंजिन जेमतेम 75 अश्वशक्तीचं. पण बर्फावर ती दुप्पट ताकदीच्या मोटारींना मागे टाकत होती. यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने ते पाहिलं आणि फर्डिनांड पीएश यांच्यापुढे कल्पना मांडली की हेच यंत्र साध्या मोटारीत घालू. जानेवारी 1978 मध्ये ती मोटार ऑस्ट्रियातल्या टुराखर होए खिंडीत बर्फातून वर गेली. टायर उन्हाळी, साखळ्या नाहीत. साहेब मंडळी खूश झाली. पुढचा-मागचा आस अजून थेट जखडलेला होता, आणि बर्फात ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. सुरुवातीचं गणित आठवा. तिथे 2.4 मीटरचा हिशेब बर्फ मिटवत होता. व्हिएन्नाच्या कोरड्या फरशीवर तो फियालाबाईंच्या हातात आला.

फियालांनी मधला डिफरन्शियल हवाच असा आग्रह धरला. जागा नव्हती, वजन वाढवायचं नव्हतं. मग गिअरबॉक्समधला एक दांडा पोकळ केला. त्याच्या बाहेरून ताकद मागे डिफरन्शियलपर्यंत जायची आणि पुढच्या चाकांची ताकद त्याच्या पोटातून उलटी पुढे यायची. मार्च 1980 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वात्रो जगासमोर आली. पुढच्याच वर्षी मिशेल मूतों ही फ्रेंच ड्रायव्हर त्या गाडीतून सॅनरेमो रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. 1982 मध्ये तिने आणखी तीन जिंकल्या.

पण क्वात्रो चालवायला सोपी नव्हती. तिचं इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे टांगलेलं. वळणात शिरताना नाक बाहेर जायचं. चालक वळवतोय आणि गाडी सरळ जायला बघतेय. रॅलीवाले डाव्या पायाने ब्रेक मारून, मागची बाजू मुद्दाम फेकून तिला वळवत. आणि 1982 चं अजिंक्यपद मूतोंला हरवून नेलं ते वाल्टर रोर्ल यांनी, तेही मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या ओपेलमधून. चार चाकांची पकड म्हणजे सगळं काही, असं मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

चिकट तेल आणि संगणक

त्यानंतरच्या पद्धती मी भराभर सांगतो, कारण त्यांचा हेतू एकच होता, ड्रायव्हरला काही करायला लागू नये. टॉर्सन हा दात्यांचा डिफरन्शियल घसरायच्या आधीच ताकद पकड असलेल्या बाजूला वळवतो. 1986 पासून ऑडीने तो घेतला. हातात त्याची जाणीव जवळजवळ होत नाही आणि हीच त्याची तारीफ. व्हिस्कस कपलिंग म्हणजे एका डब्यात भोकं पाडलेल्या पातळ चकत्या आणि दाट सिलिकॉन तेल. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जोरात फिरू लागली की तेल घुसळून तापतं आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरतात. यात आधी पुढचं चाक गरगरतं, मग क्षणभराने मागून धक्का येतो. कपलिंग जुनं होऊन ताठरलं की पार्किंगमध्ये तीच ओळखीची उडी परत येते.

1998 च्या सुमारास हाल्डेक्स या स्वीडिश कंपनीची पद्धत फोक्सवॅगन गोल्फ आणि ऑडी टीटीमध्ये आली. तेलात बुडालेला क्लच आणि त्याला दाबणारा, संगणकाच्या हुकमातला पंप. गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते, गरज पडली की मागची जोडली जातात. टीटीच्या पाठीवर नाव 'क्वात्रो'च होतं, आत मात्र वेगळंच यंत्र. आज आपल्याकडच्या ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच शहरी एसयूव्ही याच घराण्यातल्या. 2014 ला आलेली रेनॉ डस्टर तशीच होती. तिच्यात एक गोल बटण. टू व्हील, ऑटो आणि लॉक. मित्राची ती गाडी मी पावसाळी घाटात भरपूर चालवली. ऑटोवर ओल्या वळणात जरा दाबली की पुढचं टोक बाहेर सरकू लागतं आणि मग मागची चाकं कामाला लागल्याचं पाठीला कळतं. जीपमध्ये हातांना कळायचं, इथे पाठीला. वाईट काहीच नाही, पण मदत उशिरा आली हे ओळखायला सवय लागते.

याउलट 2020 ची थार. कंपनीच्या वाढदिवशी, 2 ऑक्टोबरला बाजारात आली, नाशिकला बनते. आत एसी, टचस्क्रीन, सगळं. पण फोर व्हीलचा दांडा जीपचाच आणि मधला डिफरन्शियल तिलाही नाही. मारुती जिम्नीचंही तेच. कालपर्यंत हॅचबॅक चालवणारी पोरं आता या गाड्या घेतात आणि पाऊस आला की 'सेफ्टीसाठी' म्हणून फोर-हाय लावून घाटाचा डांबरी रस्ता उतरतात. रस्ता सगळा ओला असेपर्यंत चालून जातं. मध्येच कोरडा पट्टा आणि त्यावर केसाच्या पिनेसारखं वळण आलं की स्टेअरिंग सरळ व्हायला बघतं, तेही दरीच्या बाजूला. ही सुरक्षितता नव्हे. शाफ्टवर येणारा ताण वेगळाच.

आणि ब्रेक. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात, दोन लाखांच्या जुन्या गाडीलाही. फोर व्हीलमुळे थांबायचं अंतर कमी होत नाही. उलट होतं असं की निसरड्या रस्त्यावर दोन चाकांची गाडी चढावर किंवा निघताना गरगरून आपल्याला आधीच सावध करते. चार चाकांची गाडी मुकाट्याने वेग घेते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे पहिल्यांदा कळतं ते ब्रेकवर पाय ठेवल्यावर. मनालीच्या पुढे बर्फात आडव्या झालेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर हिवाळ्यात येतात. त्यात फोर बाय फोर किती असतात ते पाहा.

2001 मध्ये टोयोटाने एस्टिमा हायब्रिडमध्ये तर मधला शाफ्टच काढून टाकला. पुढे इंजिन, मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर, दोघांमध्ये फक्त वायर. आज पुढे एक आणि मागे एक मोटर असणाऱ्या विजेच्या गाड्या त्याच वाटेवर आहेत. जखडणारं लोखंडच नाही, त्यामुळे कशमकशही नाही. पुढच्या आसाने किती ओढायचं आणि मागच्याने किती हे संगणक ठरवतो.

तुमच्या गाडीत यातलं काय आहे हे माहितीपत्रकावरून कळलं नाही, तर एक सोपी रीत आहे. मोकळं मातीचं मैदान बघा, फोर व्हील लावा, स्टेअरिंग पूर्ण वळवून पायी चालण्याच्या वेगाने एक गोल चक्कर मारा. चाकं माती खरवडत, अडखळत गेली तर तुमची गाडी विलिसची नात. गुळगुळीत गेली तर मध्ये कुणीतरी पंच बसला आहे. मातीवरच करा, डांबरावर नको.